तायडे सिस्टर उभ्या राहिल्या की

आमच्या फिल्म क्लबचं वेळापत्रक पंचांगावरून ठरायचं. मुहूर्त बघून नव्हे, मुहूर्त नसलेला दिवस बघून. अमरावतीत आम्हाला जमेल असा एकच हॉल होता, बडनेरा रोडवरचं एक मंगल कार्यालय. ज्या रविवारी लग्नतिथी नसेल त्या रविवारी सकाळी दहा ते दोन मालक तो आम्हाला वापरू द्यायचा. त्यामुळे चातुर्मास हा आमचा हंगाम आणि पितृपक्ष म्हणजे महोत्सव. शहरातली शुभकार्यं थांबलेली असताना आम्ही पन्नास-साठ माणसं खिडक्यांना मंडपाचे मरून पडदे लावून इराणातली, हंगेरीतली, कुठल्या कुठल्या देशांतली माणसं बघत बसायचो. पायाखाली मागच्या लग्नातल्या अक्षता असायच्या. पाहुणा आला की त्याला नवरदेवाच्या उंच पाठीच्या लाल खुर्चीत बसवायचं, कारण दुसरी धड खुर्ची नव्हती.

सिनेमा झाला की चर्चा, आणि चर्चेचा नियम एकच. बोलायचं ते उभं राहून, आधी आपलं नाव सांगून. आणि उभा राहिलेला माणूस आपण होऊन खाली बसेपर्यंत, त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्यापुरतं सोडलं तर, दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. हा नियम आमचे अध्यक्ष मोहोड सर यांनी केला होता. इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, जगभरचा सिनेमा पाहिलेला माणूस. मी एका कनिष्ठ महाविद्यालयाचा ग्रंथपाल, आणि अक्षर बरं म्हणून क्लबचा सचिव. हा नियम पुढे आपल्याला किती महागात पडणार आहे याची सरांना तेव्हा कल्पना नव्हती.

तायडे सिस्टर क्लबात आल्या त्या चुकून. आदल्या दिवशी त्याच कार्यालयात मोफत नेत्रतपासणीचं शिबिर झालं होतं आणि फाटकावरचा फलक काढायचा राहिला होता. सिस्टर सरकारी दवाखान्यातून नुकत्याच निवृत्त झालेल्या. शेजारच्या एका आजींना ऑटोत घालून त्या घेऊन आल्या आणि दारात मला म्हणाल्या, "डॉक्टर कुठी बसले?"

मी म्हटलं, "इथे डॉक्टर नाहीत, सिनेमा आहे."

"कोनता?"

मी देशाचं नाव सांगितलं. सिस्टरनी आजींकडे पाहिलं. "चाला आजी. दूरचं दिसते का नाई ते तं समजन." आणि दोघी सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

त्या दिवशीच्या सिनेमात शेवटी एक म्हातारी मरते. ती खाटेवर पडलेली, मुलगा पायथ्याशी रडतोय, आणि पाच-सहा मिनिटं कॅमेरा तिच्यावरून हलत नाही. चर्चेत मोहोड सर मृत्यूच्या निश्चलतेबद्दल बोलले. मीही काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, पण त्यात 'अवकाश' हा शब्द दोनदा होता. मग पहिल्या रांगेतून पांढऱ्या साडीतली एक ठेंगणी बाई उभी राहिली.

"मी कमल तायडे. स्टाफ नर्स, आता रिटायर. तुमी बोलले ते चांगलंच असन. पन ते बाई मेली नाई."

हॉल हसला.

"हासू नका. गळ्याची शीर उडून राह्यली तिची. मी मोजली ना. चौऱ्याहत्तर."

सरांनी मला तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. शीर उडत होती. कानाखाली, डाव्या बाजूला, अगदी स्पष्ट. मागून कुणीतरी नियम विसरून म्हणालं, "नटी जिवंत आहे, तिची शीर उडणारच!"

"ते मलेबी समजते," सिस्टर म्हणाल्या. त्या अजून उभ्याच होत्या. "पन मंग सहा मिनिटं कॅमेरा थेच काहून ठेवला? डायरेक्टरले दिसलं नसन का? त्याले दिसलं, म्हनून त्यानं ठेवलं. पोरगं रडून राह्यलं, पन माय अजून गेली नाई. घाई पोराले हाये." एवढं बोलून त्या बसल्या आणि आजींना चष्मा पुसून देऊ लागल्या.

मोहोड सरांनी टाळ्या वाजवल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी सरांबद्दल जे सांगणार आहे त्यावरून ते लहान मनाचे वाटतील. तसे ते नव्हते.

पुढच्या रविवारी सिस्टर एकट्या आल्या आणि मग येतच राहिल्या. पदराला पिन करून उलटं लटकवलेलं नर्सचं घड्याळ त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं. दिवे गेले की उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवायची आणि नाडी मोजायची. सिनेमा संपला की पुन्हा मोजायची. आम्ही सिनेमाला तारे देत होतो, सिस्टर नाडी सांगत. "बाहत्तरची बाहत्तर राह्यली. मंग कायले पाह्यला एवढा?" एका पारितोषिकविजेत्या फ्रेंच सिनेमाचा त्यांनी एवढ्याच शब्दांत निकाल लावला होता. मारामारीच्या सिनेमानं नाडी नव्वदवर गेली तरी त्यांना त्याचं कौतुक नव्हतं. "नव्वद तं जिना चढूनबी होते," म्हणायच्या. ज्या सिनेमानं नाडी चौसष्टवर उतरवली तो त्यांच्या मते मोठा. असे सगळे मिळून चार-पाचच निघाले.

संथ सिनेमाला वैतागणारे आमच्यात पुष्कळ होते. कापडदुकानवाले राठीजी त्यात पुढे. एकदा ते उभे राहून म्हणाले की वीस मिनिटं एक माणूस नुसता बसथांब्यावर बसलाय, ह्यात आम्ही काय बघायचं? ते बसल्यावर सिस्टर उठल्या. "राठीजी, घरी कोनाले सलाइन लावली का तुमी बाजूले बसता का नाई? थेंब मोजता का नाई? दोन-दोन घंटे मोजता. तेव्हा कंटाया येत नाई, काहून का मानूस आपलं असते. हा बसथांब्यावरचा मानूस आपला वाटला नाई, हे सांगा. लंबा हाये हे नका सांगू." राठीजींनी उठून ते कबूल केलं. तेव्हापासून आमच्याकडे सिनेमा लांब आहे असं म्हणण्याची कुणाची हिंमत झाली नाही.

स्वतंत्र सिनेमा म्हणून जे आमच्याकडे मोठ्या आदरानं यायचं त्याची तर त्या हजेरीच घेत. गरिबीवरच्या एका सिनेमानंतर आम्ही सगळे मान खाली घालून बसलो होतो. सिस्टर म्हणाल्या, "ह्यातला मानूस सकायपासून गरीबच हाये. गरीब मानूस दिवसभर गरीब नसते बाप्पा. मधात हासते, केस इचरते, बायकोसंग भांडते. मी पातूरच्या मजुराची पोरगी हावो, मले सांगू नका." लकवा झालेल्या माणसाचं काम करणाऱ्या एका नामांकित परदेशी नटाबद्दल आम्ही भारावून बोलत असताना त्यांनी फक्त स्वतःचा हात वर करून दाखवला होता. "लकव्याचा हात असा ओल्या टॉवेलवानी लोंबत राह्यत नाई. महिन्या-दोन महिन्यांत बोटं मुठीवानी आत वयतात. ह्यानं दवाखान्यात जाऊन पाह्यलं नाई." पडद्यावर खाली उमटणाऱ्या इंग्रजी पट्टीवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. माणूस तोंडानं काहीही बोलेल, त्याचे हात बघा, हे त्यांचं ठरलेलं.

माझे आयुष्यातले दोन लाडके सिनेमे त्यांनी अशा रीतीनं मोडीत काढले. मला त्यांचा राग यायचा. घरी जाऊन मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं द्यायचो, आणि पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत तर सिनेमा बेचव लागायचा.

एकदा क्लबच्या स्मरणिकेसाठी लेख मागायला मी त्यांच्या घरी गेलो. विहाराच्या मागची दोन खोल्यांची जागा, दारात तुळशीएवढं संत्र्याचं झाड, त्याला कधी फळ लागलं नव्हतं. त्यांनी मला चहा दिला आणि लेखाला साफ नकार दिला.

"लिव्हाले नका सांगू, भाऊ. लिव्हलेलं कोनीबी दुरुस्त करते. उभं राहून बोललेलं कोन दुरुस्त करन?"

मी म्हटलं, "पण सिस्टर, तुम्हाला उभं राहायला एवढं का आवडतं?"

त्या हसल्या नाहीत. "पस्तीस वर्सं मी उभीच होती. डॉक्टर राउंडले आले का कॉटच्या पायथ्याशी उभं राहाचं. बोलाचं त्यायनं. पेशंट मी दिवसभर पाह्यलेला, त्याले कुठी दुखते ते मले माहीत, पन इचारल्याबिगर बोलाचं नाई. एकदा एक लेकरू गेलं त्याच्यात. मले दिसून राह्यलं होतं, भाऊ. मी उभी होती, अन् बोलली नाई." त्यांनी कपबशी उचलली. "तुमच्या इथं उभं राह्यलं का बोलता येते. मी पिच्चरसाठी येतो का त्याच्यासाठी, मलेच ठाऊक नाई."

मी चहा संपवून निघालो. स्मरणिकेत त्यांच्या पानाच्या जागी आम्ही एका मिठाईवाल्याची जाहिरात घातली.

मग त्या वर्षीच्या पितृपक्षात मुंबईहून एक दिग्दर्शक आले. तरुण होते, त्यांच्या सिनेमाला परदेशात मान मिळालेला. गावातल्या एका सरकारी दवाखान्यात आईला घेऊन बसलेल्या मुलाची गोष्ट होती. खरं सांगायचं तर सिनेमा चांगला होता. मोहोड सरांनी महिनाभर फोन करून त्यांना आणलं होतं. ते नवरदेवाच्या खुर्चीत बसले. चर्चा सुरू झाली आणि सगळ्यांनी मनापासून स्तुती केली. मग सिस्टर उभ्या राहिल्या.

"मी कमल तायडे. पिच्चर चांगला हाये. माझी नाडी अडुसष्टवर आली. एकच गोष्ट इचाराची हाये. ह्याच्यात डॉक्टरले नाव हाये, चायवाल्याले नाव हाये, दवाखान्यातल्या कुत्र्यालेबी नाव हाये. नर्सले काहून नाई?"

दिग्दर्शक हसून म्हणाले, "ती एक व्यक्ती नाही, व्यवस्थेचा चेहरा आहे."

"चेहरा तं दिसलाच नाई. पाठमोरी हाये नाई तं चिल्लावून राह्यली. तिले नाव काहून नाई?"

"मॅडम, आपण सिनेमाच्या भाषेबद्दल बोलू या का?"

"तेच बोलून राह्यली मी."

मोहोड सर म्हणाले, "सिस्टर, उत्तर मिळालं तुम्हाला. बसा आता."

"उत्तर भेटलं का बसीन."

आणि त्या उभ्या राहिल्या. नियमाप्रमाणे कुणाला बोलता येईना. एक मिनिट गेलं, दोन गेली. दिग्दर्शकांनी घड्याळ पाहिलं, फोन पाहिला, आणि शेवटी उठून म्हणाले की त्यांना नागपूरला विमान गाठायचं आहे. जेवायला थांबले नाहीत. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा सिस्टर बसल्या.

त्या संध्याकाळी कार्यकारिणी भरली. सर फार दुखावले होते. "आपल्या गावात पुन्हा कोण येणार आहे?" असं ते तीन-तीनदा म्हणाले. ठराव झाला की यापुढे प्रेक्षकांनी मत चिठ्ठीवर लिहून द्यावं, अध्यक्ष निवडक चिठ्ठ्या वाचतील, उभं राहून कुणी बोलू नये. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "बहुमत असेल तर माझी हरकत नाही." आयुष्यात मी बरीच भित्री वाक्यं बोललो असेन, पण त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. सूचना मीच लिहिली. अक्षर बरं ना माझं. खाली सचिव म्हणून सही केली आणि दारावर चिकटवली.

पुढच्या रविवारी सिस्टरनी ती सूचना वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन आपल्या जागी बसल्या. सिनेमा झाला. मी चिठ्ठ्या वाटत वाटत त्यांच्यापर्यंत आलो. त्यांनी घेतली नाही. त्या उभ्या राहिल्या.

"मी कमल तायडे."

"सिस्टर, चिठ्ठी," मोहोड सर माइकवरून म्हणाले.

"पस्तीस वर्सं चिठ्ठ्याच वाचल्या, सर. चिठ्ठीवर औषधाची गोई भेटते. मत नाई भेटत."

सरांनी माइकवरून पहिली चिठ्ठी वाचायला सुरुवात केली. सिस्टरचा आवाज बारीक, माइकपुढे काय टिकणार? त्यांचे ओठ हलत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं. अर्ध्या मिनिटानं त्या थांबल्या, पिशवी उचलली आणि बाहेर पडल्या. मला वाटलं, संपलं.

पण त्या घरी गेल्या नाहीत. कार्यालयाच्या पायऱ्यांवर, जिथे आम्ही सगळे चपला काढायचो, तिथे जाऊन उभ्या राहिल्या. चर्चा आटोपून राठीजी पहिले बाहेर आले आणि चप्पल शोधायला वाकले. "मी कमल तायडे," सिस्टर म्हणाल्या, आणि आत राहिलेलं सगळं बोलल्या. राठीजी एका पायात चप्पल घालून तसेच ऐकत राहिले. मग नाव सांगून त्यांनी उत्तर दिलं. मागच्यांना वाट मिळेना म्हणून तेही थांबले.

तो सगळा हंगाम असाच गेला. चपलांशिवाय घरी कुणाला जाता येत नव्हतं, आणि चपलांपाशी सिस्टर होत्या. सर आत मोजक्या चिठ्ठ्या वाचायचे आणि बाहेर पायऱ्यांवर दोन वाजेपर्यंत भांडणं चालायची. दिवाळीपर्यंत आत सात-आठ जण उरले, त्यात एक मी. एके रविवारी मी पाहिलं, मोहोड सर दाराच्या आडोशाला बुटाची नाडी बांधत होते. पाच मिनिटं एकाच बुटाची. बाहेर सिस्टर एका कोरियन सिनेमाबद्दल बोलत होत्या. मला पाहताच सर गडबडीनं उठले आणि आत गेले.

तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू झाले, हॉल गेला. हिवाळ्यात बातमी आली की सिस्टरना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांची मुलगी रत्ना अकोल्याला शिक्षिका आहे, तिनं त्यांना तिकडे नेलं. मी भेटायला गेलो. त्या खाटेवर टेकून बसल्या होत्या. माझ्याशी बोलायचा त्यांनी प्रयत्न केला, घशातून नुसता आवाज आला, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. रत्ना म्हणाली, "सर, तिले सगळं समजते. फक्त शब्द येत नाई." माझ्या डोळ्यांपुढे माझ्याच अक्षरातली ती सूचना येत होती. माफी मागायची म्हणून गेलो होतो, ती राहिली. अर्ध्या तासानं निघून आलो.

पुढच्या पितृपक्षात अकोल्याच्या काही मंडळींनी तिथे एक सिनेमा दाखवून चर्चा घ्यायला आम्हाला बोलावलं. तिथेही मंगल कार्यालयच, पडदे निळे एवढाच फरक. सिनेमा एका म्हाताऱ्या घड्याळजीचा. त्याला लकवा होतो आणि तो डाव्या हातानं पुन्हा घड्याळ उघडायला शिकतो. दिवे जाण्याआधी दारातून रत्ना आली, आणि तिच्या खांद्याला धरून, चार पायांची काठी टेकत, सिस्टर. पांढरी साडी, पदराला उलटं घड्याळ. पहिल्या रांगेत बसल्या. अंधार झाल्यावर पडद्याच्या उजेडात मला दिसलं, डाव्या हाताची बोटं त्यांनी उजव्या मनगटावर ठेवली होती.

सिनेमा संपला. चिठ्ठ्या गोळा झाल्या. मोहोड सरांनी माइक घेतला. पहिल्या चिठ्ठीत त्या नटाच्या कामाचं तोंडभर कौतुक होतं, विशेषतः निर्जीव झालेल्या हाताचं. सर वाचत असतानाच सिस्टर उठू लागल्या. रत्ना कुजबुजली, "आई, बस. डॉक्टरनं सांगतलं ना." सिस्टरनी मान हलवली. काठी रोवली, एकदा हेलकावल्या आणि सरळ उभ्या राहिल्या. मग काठी रत्नाकडे दिली, डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि वळून हॉलला दाखवला. बोटं तळव्यात घट्ट वळलेली होती. पडद्यावरच्या नटाचा हात दोन तास सैल लोंबत होता.

सर कागदात पाहत होते. त्यांनी दुसरी चिठ्ठी उलगडली.

"सर, थांबा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी उभा होतो, कधी उठलो ते कळलं नव्हतं.

"काय झालं?"

"सिस्टर उभ्या आहेत."

सरांनी वर पाहिलं. मग माइक बंद केला, चिठ्ठ्या तशाच खिशात टाकल्या आणि खाली बसले. मीही बसलो. राठीजी अमरावतीहून आले होते, त्यांनी शेजाऱ्याला गप्प केलं.

सिस्टरनी हात खाली घेतला आणि तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना बोलता येत नव्हतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुणी खोकलंसुद्धा नाही. त्या एकेका रांगेवरून नजर फिरवत होत्या, आणि माझ्यावर आली तेव्हा ती जरा थांबली. मी माझं मनगट धरलं, त्या धरायच्या तसं, आणि मोजायला लागलो. एकशे बारा होती. कार्यालयाचा माणूस किल्ल्या घेऊन दारात आला आणि तोही थांबला. सिस्टर उभ्याच होत्या.